शेवंतीच्या सरीतली चाल

पहिले पाच आठवडे सारिकाला एक वाक्यही बोलायला मिळालं नाही.

नाटकात काम करायचं म्हणून ती शिरूरला येत होती. पण हातात संहिता काही पडत नव्हती. ईश्वर सर म्हणायचे, आधी शरीर, मग शब्द. सर पुण्याहून यायचे. प्रायोगिक नाटकं बसवायचे. शिरूरमध्ये त्यांनी दहा जणांचा गट जमवला होता आणि सरावासाठी हनुमंत वस्तादांची जुनी तालीम मागून घेतली होती. पहाटेचे पैलवान मेहनत आटोपून, अंग पुसून निघाले की नऊच्या सुमाराला ही मंडळी तांबड्या मातीत उतरायची.

आधी अर्धा तास नुसतं चालायचं. मग डोळे मिटून चालायचं. मग एकेक सांधा पुढं काढून. गुडघ्यानं चाला. हनुवटीनं चाला. बेंबीनं चाला. माणूस कोणत्या सांध्यानं निघतो ते कळलं की माणूस कळतो, असं सर सांगायचे. चाल बदलली की मन आपोआप बदलतं. मनातून शरीरात जायचं नाही, शरीरातून मनात जायचं.

सारिकाला हे आधी थापा वाटलं. करून पाहिलं तर खरं निघालं. दहा मिनिटं हनुवटीनं चालल्यावर तिला उगाचच सगळ्यांचा राग यायला लागला होता.

वस्ताद कोपऱ्यात स्टुलावर बसून बघायचे. सत्तरी ओलांडलेली, कान मोडलेले, मान अजून खांबासारखी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेंबीनं चालत्यात व्हय? चालू द्या. आमच्या जुन्या पैलवानांच्या बेंब्या त्यांच्या आधी घरी पोचत्यात."

सारिका सव्वीस वर्षांची. सणसवाडीला एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर उभी असायची. आठ तास. तिथंच दोन मुलींबरोबर भाड्याची खोली होती. दुसरी पाळी असली की सकाळी शिरूर गाठायचं, बारा वाजता वडापच्या जीपनं परत, तीनला कंपनीत. रविवार तर होताच. रूमवरच्या मुली म्हणायच्या, तिकडं चालायला शिकवतात म्हणं, मग इथून चालतच का जात नाहीस? ती हसायची. तिला कळत होतं की आपल्याला तिथं काहीतरी मिळतंय.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी तिला थांबवून विचारलं होतं, "तुझी मान डावीकडं का झुकते?"

तिला ठाऊकच नव्हतं की झुकते. कंपनीत गेल्यावर तिनं पाहिलं. वायरीचा बोर्ड डाव्या हाताला होता. चार वर्षं ती त्याच्याकडं मान करून उभी होती. सुपरवायझरनं तिची हजेरी पाहिली होती, टार्गेट पाहिलं होतं. मान कोणी पाहिली नव्हती. सरांनी पाहिली. त्या दिवसापासून ती सरांच्या शब्दाबाहेर गेली नाही. पुढं जे झालं ते म्हणून जास्त लागलं.

सहाव्या आठवड्यात काम मिळालं. नाटकाचं नाव 'पोक'. राबून वाकलेल्या माणसांचं नाटक, असं सर म्हणाले. प्रत्येकानं एक जिवंत माणूस निवडायचा. त्याचं काम महिनाभर त्याच्याबरोबर करायचं. वजन कुठं पडतं, पाऊल कसं उचलतं, श्वास कधी घेतला जातो, सगळं वहीत लिहायचं. मग ते शरीर मातीत घेऊन यायचं. पात्र असं घडतं. पाठ करून घडत नाही.

कोणी वीटभट्टीवर गेलं, कोणी हमालांमागं. सारिकानं आई निवडली.

आई म्हणजे चांगुणा. गाव पारगाव, भीमेच्या काठी, दौंड तालुक्यात. वडील सारिका नववीत असतानाच गेले. चांगुणा तीस वर्षं शेवंतीच्या तोडणीला जात होती. बारा बायकांची टोळी होती आणि कडेची पहिली पात कायम चांगुणाची. पात म्हणजे तोडत जायची ज्याची त्याची ओळ. पहिल्या पातीची बाई जेवढी चालेल तेवढी टोळी चालते. मालक टोळी ठरवताना आधी विचारायचे, चांगुणाबाई हाय का?

सारिकाला लहानपणापासून एवढंच आठवत होतं की आई शेतात वाकडी चालते. का, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

पहिल्या रविवारी ती बांधावर वही घेऊन बसली.

"माझ्या पायाकडं काय बघतीस गं?" चांगुणानं सरीतूनच विचारलं. "जोडवं पडलं का काय?"

"न्हाई. नुसतं बघती."

"बघून शेवंती तुटत आसती तर मालकानं कॅमेरं लावलं आसतं. उतर खाली."

पलीकडच्या पातीवरून गिताबाई म्हणाली, "आगं, नाटकात तिला तुझं काम दिलंय. आता भांडायचं कसं ते शिकाया आलीया."

"मग माझ्याकडं कशाला? त्ये तुझ्याकडं शिकंल ती."

सारिका सरीत उतरली आणि तिसऱ्याच पावलाला फांदी मोडली. शेवंतीची फांदी काचेसारखी असते. धक्का लागला की सांध्यात तुटते. तुटली की तिच्यावरच्या पुढच्या तीन तोडण्या गेल्या. झाडं भरात आली की दोन ओळींच्या मधली सरी वीतभर उरते. त्या वीतभर जागेतून बाईनं, कमरेला फुलांची ओटी बांधून, दोन्ही हातांनी तोडत, एकही फांदी न मोडता जायचं असतं. सारिकानं त्या दिवशी सात फांद्या मोडल्या.

"हत्तीण आणलीया सोबतीला," चांगुणा मालकाला म्हणाली. "आजच्या दिवस सांभाळून घ्या, आप्पा."

मग सारिकानं नीट पाहिलं. आईचा उजवा पाय तिरका पडत होता. टाच टेकतच नव्हती. सगळं वजन अंगठ्यावर. गुडघा किंचित वाकलेला. कंबर उजवीकडं मोडलेली, म्हणजे डाव्या बाजूची ओटी मागं राहते आणि फांद्यांना घासत नाही. डावा खांदा खाली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई लंगडतेय. जवळून बघितलं की कळायचं, लंगडत नाही. ती सरीत मावतेय. आणि काय वेगानं. ओळ संपली की एका पावलात वळायची आणि पुढच्या ओळीला हात घालायची. बाकीच्यांना वळायला तीन पावलं लागायची.

चौथ्या रविवारी सारिकाच्या हातून एकही फांदी मोडली नाही. त्या दिवशी तिनं वहीत लिहिलं, वजन उजव्या अंगठ्यावर. त्याखाली मनात काय आलं ते लिहायचं होतं. ती बराच वेळ आठवत राहिली. मग लिहिलं: झोपलेल्या लेकराजवळून जाताना वाटतं तसं.

मातीत चाल दाखवायचा दिवस आला. सारिका उतरली. तिथं शेवंती नव्हती, पण तिला दोन्हीकडच्या फांद्या दिसत होत्या. ती तोडत गेली, टोकाला एका पावलात वळली, तोडत परत आली. थांबली.

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किती वेदना आहे या कंबरेत," सर म्हणाले.

सारिकाला वाटलं आपलं काहीतरी चुकलं.

"वेदना नाही, सर. ते फांदी मोडू नये म्हणून..."

"थांब. स्पष्टीकरण नको. शरीर खोटं बोलत नाही."

आणि मग सरांनी ती चाल दुरुस्त करायला घेतली. आधी संथ केली. डफाच्या एका ठोक्याला एक पाऊल. मग पाठ वाकवली. अजून खाली. अजून. मग उजवा पाय ओढायला लावला. मग डावा हात कंबरेवर ठेवायला सांगितला, दुखतंय म्हणून.

आईचा हात कंबरेवर कधीच नसे. दोन्ही हात फुलांत असत. हात कंबरेवर ठेवला तर तोडणार कोण? सारिकानं हे सांगून पाहिलं. सर म्हणाले, "तू तिची मुलगी आहेस, म्हणून तुला तिचं दुःख दिसत नाही. रोजचं झालंय तुला."

दोन आठवडे तिनं पाय ओढला. तो ओढताना तिच्या मनात खरंच दुःख यायचं. चाल बदलली की मन बदलतं, हे सरांचंच म्हणणं. पण ते दुःख कुणाचं होतं? आईचं तर नव्हतं. ते डफाचं होतं.

ती खोलीवर जेवताना एकदम थांबायची. वीस वर्षं आपण जे वाकडं म्हणून बघत आलो ते कसब होतं, हे तिला नुकतं कुठं कळलं होतं, आणि लगेच कोणीतरी त्याला पुन्हा वाकडं म्हणत होतं. तेही शिकलेलं माणूस. तेही डोळ्यांत पाणी आणून.

तिनं शेवटचा उपाय म्हणून सरांना सांगितलं, आईलाच बोलावते, तुम्ही तिलाच विचारा. सरांना ते फार आवडलं.

चांगुणा रविवारी आली. कार्याला नेसायची साडी नेसून, पिशवीभर शेवंती घेऊन. नाटकवाल्यांना शिकवायला आपल्याला बोलावलंय, असं तिनं टोळीत सांगितलं होतं. सारिकानंच तिला तसं सांगितलं होतं.

"जयभीम, सर."

"नमस्कार. ये, इथं मातीत उभी राहा. हां. आता चालून दाखव."

वस्तादांना सर अहोजाहो करायचे. गटातल्या पोरांनाही कधी कधी तुम्ही म्हणायचे. आईला म्हटलेलं 'ये' सारिकानं ऐकलं.

चांगुणानं पदर खोचला आणि मातीतून या टोकापासून त्या टोकाला गेली. सरळ. भरभर. खांदे सारखे, मान वर.

"अशी नाही," सर म्हणाले. "शेतातल्यासारखी."

"पर हितं शेत कुठं हाय? मोकळ्या रानात कोन वाकडं चालंल?" चांगुणा हसली. "पायजे तर दोन्हीकडनं काठ्या रवा. मंग दावते."

काठ्या कोणी रोवल्या नाहीत. ज्या एका गोष्टीनं सगळं समजलं असतं ती करायला दोन मिनिटं लागली नसती. सर म्हणाले, कल्पना कर. चांगुणानं कल्पना करून चार पावलं टाकली, तिला स्वतःलाच हसू आलं, ती थांबली.

"कुठं दुखतं तुला?"

"दुखत न्हाई. गुडघं वाजत्यात सकाळचं. त्ये समद्यांचंच वाजत्यात."

"सरीत चालताना मनात काय येतं?"

"मनात?" चांगुणानं विचार केला. "ऊन चढायच्या आत फुलं सावलीला गेली पायजेत, ह्येच की. आन् गिताबाई म्होरं जाती का काय त्ये बघायचं."

गटातली दोघं-तिघं हसली. सर हसले नाहीत. ते गटाकडं वळले आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "बघा. किती दाबून टाकलंय हिनं. हिचं हिलाही माहीत नाही."

चांगुणा तिथंच, चार पावलांवर उभी होती. हातात शेवंतीची पिशवी होती.

परतताना चौफुल्याच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. न्हावरा गाव मागं पडल्यावर चांगुणानं तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "त्ये काय म्हनलं गं? दाबून टाकलंय म्हनलं. काय दाबलंय म्या?"

सारिका तिकिटाची घडी घालत राहिली.

"म्या कुनाचं काय दाबलं न्हाई," चांगुणा म्हणाली. खिडकीबाहेर बघत राहिली. तिकडंच बघत म्हणाली, "फुलं पन तिथंच ऱ्हायली. त्यांनी घेतलीच न्हाईत. स्टुलावर ठिवून आले म्या."

दुसऱ्या दिवशी सारिकानं सरांना सांगितलं, पाय ओढणार नाही. हात कंबरेवर ठेवणार नाही. आईचा चालायचा वेग आहे तेवढ्याच वेगानं चालीन.

सर रागावले नाहीत. समजावत राहिले. राग आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, कला म्हणजे नक्कल नव्हे. प्रेक्षकांना सरी दिसणार नाही, शेवंती दिसणार नाही. त्यांना वाकलेली बाई दिसली पाहिजे.

"पण ती वाकलेली नाही, सर."

"मग नाटक कशाचं?"

एवढं सरळ ते पहिल्यांदाच बोलले. आधी नाटक ठरलं होतं. बाई नंतर शोधली होती. सारिकानं महिनाभर वही भरली, सात फांद्या मोडल्या, दर रविवारी साडेपाचला उठली, ते सगळं आधीच ठरलेल्या पोकाला बसवण्यासाठी.

"दौंडचा प्रयोग आठ दिवसांवर आहे," सर म्हणाले. "तुला जमत नसेल तर स्वप्नाली करेल. तिची तयारी आहे."

स्वप्नाली पुण्याची. कष्टाळू मुलगी. पाय खरोखर ओढला जावा म्हणून ती उजव्या टाचेखाली खडा बांधून सराव करत होती. तिच्याशी भांडण नव्हतं.

सारिका तालमीच्या पायरीवर जाऊन बसली. आत गेलं की काम परत मिळत होतं. नुसता पाय ओढायचा. तीन महिने घाम गाळला होता त्या मातीत. कंपनीत कोणाला सांगितलं नव्हतं, पण रात्री अंथरुणावर ती स्वतःला नटी म्हणायची.

वस्ताद बाहेर आले. पायरीवरून तिला बाजूला व्हायला सांगणार होते, पण तोंड बघून थांबले.

"वस्ताद, तुम्ही सगळं ऐकलंत ना?"

"कान मोडल्यात, फुटलं न्हाईत."

"मग तुम्हीच सांगा. माझी आई वाकते का?"

वस्तादांनी तंबाखू मळायला घेतली. "पैलवान खडाखडीला उतरला, हाताला हात भिडला की वाकतोच. लांबनं बघनाऱ्याला वाटतंय, भ्यालाय. तसं वाटनाऱ्याला आमी तिकीट काढून बशिवतो. मातीत न्हाई घेत." चिमूट तोंडात टाकून म्हणाले, "तू काय करनार त्ये मला इचारू नको. तुझं तू बघ."

ती आत गेली आणि नाही म्हणून आली.

आईला मात्र तिनं सांगितलं नाही. सांगणार कसं? टोळीनं फुलांचा टेम्पो ठरवला होता. सारिका चांगुणा होणार म्हणून बारा बायका दौंडला निघाल्या होत्या. मालकानं दुपारचीच सुटी दिली होती, तीही पहिल्यांदाच.

प्रयोग एका मंगल कार्यालयात होता. संध्याकाळी सहाला. मंचाऐवजी जमिनीवरच, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढच्या दोन ओळींत दौंडचे प्राध्यापक, बँकेतले लोक. मागं टोळी. सारिका दारातून आत आली आणि आईच्या शेजारी बसली.

"तू हितं कशी?" चांगुणा म्हणाली. "तुझं काम हाय ना?"

"माझ्या जागी दुसरी हाय."

"का?"

"बघ आता."

डफ वाजला. स्वप्नाली आली. पाठ जमिनीला समांतर, डावा हात कंबरेवर, उजवा पाय फरफटत. एका ठोक्याला एक पाऊल. चेहऱ्यावर घाम. तिनं खरंच मेहनत घेतली होती. पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. तो फेरा दहा मिनिटं चालला. मग वीटभट्टी आली, हमाल आले, सगळे वाकलेले. शेवटी सगळे जमिनीवर आडवे झाले. टाळ्या झाल्या.

प्रयोगानंतर चर्चा असते. सर मधे येऊन उभे राहिले. प्राध्यापक बोलले. कोणीतरी शरीराच्या भाषेबद्दल बोललं. मग सरांना मागची टोळी दिसली. आनंदानं म्हणाले, "आज आपल्यात ज्यांच्यावरून हे पात्र घडलं त्या स्वतः आल्या आहेत. काय वाटलं, मावशी? सांगा."

चांगुणा उभी राहिली. एवढ्या लोकांत बोलायची सवय नव्हती, पण तिला खरंच काळजी वाटत होती.

"त्या पोरीच्या पायाला कायतरी लागलंय," ती म्हणाली. "आधी त्ये बघा. मगापासनं ओढती बिचारी."

पुढच्या ओळीतली माणसं मागं वळून बघू लागली.

"मावशी," सर मऊ आवाजात म्हणाले, "ती तुमचीच चाल आहे."

चांगुणाला कळायला वेळ लागला. तिनं स्वप्नालीकडं पाहिलं. मग सरांकडं. मग सारिकाकडं, आणि सारिकाचं तोंड बघून तिला कळलं.

"माझी?" ती म्हणाली. "आसं चालले तर मला कोन कामाला लावील?"

"पयल्याच दिवशी हाकलून देत्याल," गिताबाई बसूनच म्हणाली. "आन् तिच्या मागनं आम्हा अकरा जनींला पन. पयली पात आशी चालली तर दिवाळीची फुलं शिमग्याला जातील पुण्याला."

टोळी हसली. पुढच्या ओळी हसल्या नाहीत. सर म्हणाले, हे प्रतीकात्मक आहे, मावशी. हे सगळ्या कष्टकऱ्यांचं ओझं आहे.

सारिका उठली. तिनं मधल्या दोन रिकाम्या ओळींच्या खुर्च्या पकडल्या आणि समोरासमोर ओढल्या. मधे वीतभर जागा ठेवली. वीस खुर्च्या, दहा इकडं, दहा तिकडं. लोकांना वाटलं आवराआवर चाललीय. मग ती स्वप्नालीला म्हणाली, "ही सरी आहे. तुझी चाल ह्यातून ने."

सर म्हणाले, "सारिका, हे काय चाललंय?"

पण स्वप्नाली पुढं आली होती. तिला स्वतःलाच बघायचं असावं. तिनं पाठ वाकवली, पाय ओढला आणि मधे शिरली. दुसऱ्या पावलाला कोपर लागून एक खुर्ची सरकली.

"मोडली," मागून बायका म्हणाल्या.

ओढता पाय तिसऱ्या खुर्चीत अडकला.

"मोडली."

ओटीच्या बाजूची खुर्ची कलंडली.

"मोडली. आन् ती तर भरात व्हती."

पाचव्या खुर्चीला स्वप्नाली थांबली. सरळ उभी राहिली. तिनं मागं वळून पडलेल्या खुर्च्या पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला.

सारिकानं खुर्च्या उभ्या केल्या. उजवा पाय तिरका घातला. टाच उचलली. कंबर मोडली, खांदा सोडला आणि आत शिरली. दोन्ही हात चालत होते. एकही खुर्ची हलली नाही. टोकाला एका पावलात वळली आणि परत आली. सगळं अर्ध्या मिनिटात झालं. पुढच्या ओळीतल्या ज्या बाईंनी डोळे पुसले होते त्या आता रुमाल मुठीत धरून नुसत्या बघत होत्या.

"डावं कोपार जरा आत घे," चांगुणा म्हणाली. "बाकी बरं हाय."

"हे नाटक नाही," सर म्हणाले. "हे प्रात्यक्षिक झालं."

"व्हय," सारिका म्हणाली. "तुमचं घ्यायचं ऱ्हायलं व्हतं." सरांसमोर इतके महिने ती जपून बोलत होती. आता जपायचं काही नव्हतं.

चर्चा तिथंच मिटली. लोक उठले. काही जण सरांशी हात मिळवून गेले. प्रयोग भेदक झाला म्हणाले. एकानंही चांगुणाला काही विचारलं नाही.

फाटकाशी सरांनी सारिकाला गाठलं. "गटाला एक शिस्त असते. तू उद्यापासून तालमीत येऊ नकोस."

"गट तुमचा हाय, सर. तालीम वस्तादांची हाय."

टेम्पोत बसल्यावर बायका गप्पाच मारत होत्या. खुर्च्या कशा पडल्या त्याची नक्कल चालली होती. चांगुणा त्यात नव्हती. पाटस मागं गेल्यावर ती म्हणाली, "तीस वर्सं पयली पात धरती म्या." कोणाला उद्देशून नव्हतं ते. "तीस वर्सांत मालकानं मला कवा लंगडी न्हाई म्हनलं. ह्यो मानूस एकदा बघून म्हनतो. आन् लोकं टाळ्या देत्यात." गिताबाईनं तिच्या मांडीवर हात ठेवला. चांगुणानं तो तसाच राहू दिला.

मंगळवारी सारिकाची दुसरी पाळी होती. नवाच्या आधीच ती शिरूरला पोचली. पैलवान निघत होते. तिनं चप्पल दाराबाहेर काढली आणि मातीच्या उजव्या कडेला उभी राहिली. थोड्या वेळानं गट आला. तिला बघून बोलणं थांबलं. स्वप्नालीनं मान हलवली, ओळख देण्यापुरती.

सर सरळ वस्तादांकडं गेले. "वस्ताद, हिला बाहेर जायला सांगा. आमचा सराव आहे."

वस्तादांनी स्टूल जरा पुढं ओढलं. "सर, मातीत उतरल्याला म्या पाडलंय लई जनांना. भाईर कुनाला काढलं न्हाई. तुमी तिकडून करा. ती हिकडून करंल. जागा रग्गड हाय."

सरांनी घड्याळ पाहिलं. मग गटाकडं गेले. पुण्याचा प्रयोग पंधरा दिवसांवर आला होता. डफ सुरू झाला. त्या बाजूला नऊ पाठी वाकल्या आणि एका ठोक्याला एक पाऊल पुढं सरकू लागल्या.

सारिकानं त्यांच्याकडं पाठ केली नाही. समोर बघत तिनं उजवी टाच उचलली, कोपर आत घेतलं आणि डफाची वाट न बघता भरभर निघाली.